बातमीचा चेहरा

१९ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. साष्टांग घालायला इथे जागा नाही. माझ्या टेबलाखाली जुन्या अंकांचे गठ्ठे आहेत आणि टेबलावर नुकतंच गळ्यात पडलेलं विज्ञानाचं पान.

हो, विज्ञान. आधी पोटभर हसून घे. जिने शाळेत बेडूक बघून वर्गातून धूम ठोकली होती, तिच्याकडे विज्ञान. आधीचे गृहस्थ निवृत्त झाले, संपादकांनी खोलीभर नजर फिरवली आणि नेमकी मी मान वर करून बसले होते. ‘तुला वाचायला आवडतं ना, मग शोधनिबंध वाच,’ म्हणाले. पहिला निबंध वाचायला घेतला. सुरुवातीचा सारांश कळला, पुढचं अक्षरही कळलं नाही. मग सारांशावरूनच बातमी केली. नंतर चौकशी केली तर सगळे असंच करतात म्हणे.

आता मुद्द्याचं. तुमच्या इस्पितळात हात थरथरण्याच्या आजारावर जी नवी गोळी तपासताहेत, तिच्यावर संपादकांना मोठा लेख हवा आहे. पण त्याला चेहरा पाहिजे. आमच्याकडे ‘चेहरा’ म्हणजे ज्या माणसापासून बातमी सुरू होते तो माणूस. आधी त्याची हकीकत, मग आकडे. चेहरा नसेल तर वाचक पान उलटतो, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. तू त्या चाचणीत आहेस हे मी कोणाला बोललेले नाही. आधी तुला विचारते आहे. नको म्हणालीस तर विषय संपला.

आणि खरं सांग, गुण आहे का? तुझ्या मागच्या पत्रातलं अक्षर बघून मी लिफाफा पुन्हा पाहिला. बाबा असताना तू लिहायचीस तसं सरळ अक्षर होतं.

काकांना नमस्कार.

तुझी
चिंगी


२६ जानेवारी

चि. चिंगे,

अनेक आशीर्वाद. मला कसला संकोच? छाप माझा चेहरा. तरुणपणी कोणी छापला नाही, आता तरी छापू दे.

गुण आहे का विचारतेस. मी जन्म शस्त्रक्रियेच्या खोलीत उभं राहून काढला. डॉक्टरांनी हात पुढे केला की मागायच्या आधी हवं ते हत्यार त्या हातात ठेवायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतर एक दिवस चहाचा चमचा कपावर वाजायला लागला, तर मी वळून बघितलं, कोण वाजवतंय म्हणून. मीच वाजवत होते. तेव्हापासून पाणी अर्धा पेला, आमटी पसरट भांड्यात आणि चार लोकांत गेलं की हात पदराखाली.

काकांची नजर गेल्यापासून त्यांची दाढी मीच करायचे, तुला ठाऊक आहे. हात हलायला लागले तशी ती बंद झाली. ते न्हाव्याकडे जाऊ लागले, तोंड एवढंसं करून. तर आता गेल्या महिन्यापासून पुन्हा मी करते आहे, आणि तीही वस्तऱ्याने. ते गाल पुढे करून बसतात आणि गुणगुणतात. एवढं तुला पुरे का?

अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली, हे मला माहीत आहे. कोणाला कुठली ते आम्हाला ठाऊक नाही, देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही नाही. ती यादी चाचणीचा हिशेब ठेवणाऱ्या आकडेवाल्या बाईंच्या कपाटात कुलपात आहे. फॉर्म वाचूनच सही केली मी, तेव्हा तू समजावत बसू नकोस. पण मला खरी मिळाली आहे, चिंगे. माझा हात मला कळतो.

आकडेवाल्या बाईंना सांगितलं, भाची वर्तमानपत्रात आहे. त्यांचा चेहरा काही खुलला नाही. म्हणाल्या, तिला आधी मला भेटू दे, आणि ज्यांना गुण नाही त्यांनाही भेटू दे. असा एक आहे आमच्या मागच्या गल्लीत, शिंपी. त्याला काडीचा फरक नाही. पण त्याला भेटून काय करशील? रडका आहे.

येताना फोटोवाल्याला आण. मी निळी साडी नेसेन.

तुझी
आत्या


१८ फेब्रुवारी

ती. आत्या,

अंक मिळाला असेलच. काकांना फोटो वर्णन करून सांगितला असशील, आणि सांगताना स्वतःला थोडी बारीक केली असशील. इथे सगळ्यांना तो फार आवडला. वस्तरा, काकांचा गळा आणि तुझा न हललेला हात. शिपायापासून मालकांपर्यंत सगळे टेबलाशी येऊन पाठ थोपटून गेले. तुझ्याकडे अर्धाच दिवस थांबता आलं ह्याची रुखरुख आहे. उन्हाळ्यात चांगली आठवडाभर येते.

आकडेवाल्या बाईंना त्या दिवशी भेटले होते. माणूस कडक, पण त्यांनी मला शिकवायला घेतलं. निबंध मागून वाचायचा, म्हणाल्या. आधी काय केलं, कोणावर केलं, कोणाशी ताडून पाहिलं, मोजलं कोणी, मग निकाल, आणि लेखकांचं स्वतःचं मत सगळ्यात शेवटी, भूक उरली असेल तर. मी तुझ्या हाताचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘एक बाई बरी झाली ही घटना आहे. गोळी नसती तर ती बरी झाली असती का, हा प्रश्न आहे. तुम्ही लोक घटना छापता.’

मी सगळं लिहिलं होतं, आत्या. चाचणी अजून चालू आहे, कोणाला कुठली गोळी ते माहीत नाही, निकाल यायला वेळ आहे. ते शेवटच्या परिच्छेदात होतं. जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद उडतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं, आणि कळलेलं होतंच. मथळाही मी दिलेला नाही. ‘थरथर थांबली’ हे रात्रपाळीवाल्यांचं काम. तू माझी आत्या आहेस हेही संपादकांनी लिहू दिलं नाही. म्हणाले, कोणाची तरी आत्या असणारच.

बाईंचा फोन आला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ‘कुलूप अजून उघडलं नाही आणि तुम्ही निकाल छापलात.’ मी म्हटलं, निकाल कुठे, एका बाईंची हकीकत आहे. म्हणाल्या, ‘तेच. आता चाचणीतल्या प्रत्येकाला वाटणार, आपल्याला खरीच मिळाली.’

जाऊ दे. तू खूश आहेस ना? मला तेवढंच बघायचं होतं.

तुझी
चिंगी


४ मार्च

चि. चिंगे,

खूश म्हणजे काय, मी गल्लीत मान वर करून चालते आहे. काकांनी तो अंक दुधवाल्याकडून वाचून घेतला, वीजबिलवाल्याकडून वाचून घेतला, शेवटी मीच लपवून ठेवला. म्हणाले, माझा गळा इतका प्रसिद्ध होईल असं वाटलं नव्हतं.

लोक यायला लागले आहेत. कुठून कुठून पत्ता काढतात कोण जाणे. बसतात, पाणी घेतात, मग जरा घुटमळत म्हणतात, हात बघू का. मी दोन्ही हात पुढे धरते. लोक असे बघत राहतात की मलाच भरून येतं. काही जण जाताना माझ्या पाया पडले, चिंगे. जन्मभर डॉक्टरांच्या मागे उभी होते, माझ्या कोण पडणार होतं?

शिंपीही येतो. त्याने कापड कापायचं सोडलं आहे, मुलगा दुकान बघतो. गोळी घेतली की मळमळतं म्हणतो. मी म्हटलं, अहो, तुमच्या बाटलीत नुसती साखर आहे, साखरेने कोणाला मळमळतं का? सगळे मनाचे खेळ आहेत. त्याला धीर द्यायला मी म्हणाले, निकाल लागला की तुम्हालाही खरी मिळेल, तोवर कळ काढा.

त्या बाईंचं मनावर घेऊ नकोस. आकड्यांत राहून माणूस कोरडा होतो. तू लिहिलंस त्यात खोटं काय होतं? वस्तरा खरा, गळा खरा, हात खरा.

उन्हाळ्यात नक्की ये. मागच्या वर्षीही म्हणाली होतीस.

तुझी
आत्या


९ सप्टेंबर
(हे पत्र टपालात पडलं नाही.)

आत्या,

उन्हाळा गेला, पावसाळाही जायला आला, मी आले नाही. त्याचं नंतर. आज दुसरंच लिहायचं आहे आणि ते तुला लिहायची मला परवानगी नाही.

मोठ्या शोधपत्रिकांची रीत अशी असते की निबंध छापून यायच्या आठ-दहा दिवस आधी तो आम्हाला वाचायला देतात. घाईघाईत चुकीचं लिहू नये म्हणून. बदल्यात ठरलेल्या दिवसापर्यंत आम्ही तोंड बंद ठेवायचं, घरच्यांपाशीसुद्धा. ह्याला आमच्यात एम्बार्गो म्हणतात. काल तुमच्या चाचणीचा निबंध आला.

मी मागून वाचला. बाईंनी शिकवला तसा, पेन्सिल घेऊन, ओळ न ओळ. पहिल्यांदाच एक निबंध मला पूर्ण कळला, आत्या, आणि तो हा निघाला.

गोळीने काही केलेलं नाही. खरी गोळी घेणाऱ्यांचे हात जेवढे सुधारले, तेवढेच खोटी घेणाऱ्यांचेही सुधारले. तुला कुठली मिळाली ते त्यात नाही, तिथे नावं नसतात. पण आता त्याने काही फरकही पडत नाही. तुझा हात थांबला हे खरं आहे. तो गोळीने थांबलेला नाही. कशाने थांबला, मला माहीत नाही. बहुतेक तू मानलंस म्हणून.

आणि मी हे सांगितलं की तू ते मानायचं थांबवशील. मग हाताचं काय होईल? मी नियमामुळे गप्प बसले आहे असं स्वतःला सांगते आहे, पण ते खरं नाही. नियम नसता तरी मी हे पत्र टाकलं नसतं. मला भीती वाटते आहे.


१० सप्टेंबर

ती. आत्या,

नमस्कार. बरेच दिवसांत पत्र नाही, राग मानू नकोस. कामाचा फार रेटा आहे. तुझी तब्येत कशी आहे? हात बरे आहेत ना? काकांची दाढी चालू आहे ना? मी खिडकीला नवे पडदे लावायचे म्हणते आहे, जाड कापड घेऊ की पातळ, तुझा सल्ला कळव. इथे हवा बरी आहे.

काकांना नमस्कार.

चिंगी


१४ सप्टेंबर

चि. चिंगे,

पत्र वाचून मी काकांना म्हटलं, पोरीचं काहीतरी बिनसलं आहे. पडद्याचं कापड? तू जन्मात कधी पडदे धुतले नाहीस, लावणार काय. आणि एका पानात तीनदा माझी तब्येत. नोकरी गेली का? की त्या फोटोवाल्याशी काही होतं ते फिसकटलं? तो आला होता तेव्हा तुझी बॅग उचलत होता, मी पाहिलं आहे. मला काही डोळे मिटून बसायची सवय नाही.

काय असेल ते मोकळेपणाने लिही. तुझा बाप असाच होता. घरात काही वाईट घडलं की हवापाण्याचं बोलायचा. आमची आई गेली त्या दिवशी मला म्हणाला होता, आज गारठा आहे, नाही?

माझं सगळं छान आहे. हात दगडासारखा स्थिर. परवा सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. काकांना काही दिसलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कापड जाड घे.

तुझी
आत्या


२३ सप्टेंबर

चिंगे,

गेल्या बुधवारी आम्हा सगळ्यांना इस्पितळात बोलावलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या, बिस्किटं ठेवली होती. बिस्किटं बघितली तेव्हाच मला कळायला हवं होतं. वाईट सांगायचं असलं की आम्हीही नातेवाइकांपुढे बिस्किटं ठेवायचो.

गोळीचा उपयोग नाही, असं आधी सगळ्यांना सांगितलं. मग एकेकाला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या बाटलीत औषध नव्हतं. मी म्हणाले, ‘पुन्हा एकदा बघा.’ त्यांनी बघितलं. पुन्हा तेच सांगितलं.

खरी गोळी शिंप्याला होती. त्याला मळमळायचं ते औषधाने. उन्हाळाभर मी त्याला मनाचे खेळ म्हणून हिणवत होते, आणि मनाचे खेळ कोणाचे निघाले? बाहेर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून तो हसला. त्याला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीसारखे गाल पुढे करून बसले. मी वस्तरा उचलला आणि हात हलला. मी स्वतःला म्हटलं, कालपर्यंत ह्याच हाताने करत होतीस ना, आज काय झालं. तरी हलत राहिला. हनुवटीखाली कापलं. ते म्हणाले, काही लागलं नाही. टॉवेलवरचं रक्त मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं.

मग मी तुझं पत्र काढलं. पडद्यांचं. डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, वर्तमानपत्रांना हे कधी कळलं? त्यांनी सरळ सांगितलं. तेव्हा तुला ठाऊक होतं. मला ते परक्या माणसाकडून ऐकावं लागलं, बिस्किटं खाता खाता. मी तुझ्यावर रागावले आहे. हे तुला कळावं म्हणून लिहिते, हवापाण्याचं लिहीत नाही.

आता एवढंच सांग, नवी बातमी कधी छापते आहेस?

आत्या


१ ऑक्टोबर

ती. आत्या,

तू रागावलीस ते योग्यच आहे. नियम होता, असं मी म्हणू शकते, पण नियमाच्या आडून मी तुझा हात वाचवत होते. वाचला नाही. आणि तुला एकटीला त्या खुर्चीवर बसावं लागलं. मी निदान शेजारी असायला हवं होतं, तेही जमलं नाही.

बातमीचं. संपादकांना विचारलं. म्हणाले, ‘काहीच झालं नाही, ही बातमी नसते.’ मी म्हटलं, गोळी चालत नाही हे कळायला इतकी माणसं, इतकी वर्षं लागली, हे काहीच नाही? म्हणाले, आतल्या पानावर खाली चार ओळी दे. फोटो नाही, तुझा उल्लेख नाही.

मी भांडले असते, आत्या. पण खरं सांगू, मला ते बरंच वाटलं. पुन्हा तुझा चेहरा छापायचा तो कशासाठी? लोकांनी म्हणावं, ही बाई खोट्या गोळीने बरी झाली? गल्लीत तू मान वर करून चालतेस. चार ओळी येऊ देत, कोणी वाचणार नाही, आणि हळूहळू सगळे विसरतील. तूही विसरलीस तर कदाचित हात पुन्हा थांबेल. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, असं होणारच नाही हे त्या सांगू शकत नाहीत. एवढ्यावर मी आशा धरून आहे.

तुझी
चिंगी


१० ऑक्टोबर

चिंगे,

अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच. शिंप्याच्या मुलाला सांगून लिहवून घेता आलं असतं, पण हे मलाच लिहायचं आहे. थांबत थांबत लिहिते आहे.

तुझ्या चार ओळी वाचल्या. खाली, बूटपॉलिशच्या जाहिरातीला चिकटून. तू म्हणालीस तसंच झालं, कोणीच वाचल्या नाहीत. कशावरून सांगू? काल एक मुलगी तिच्या आईला घेऊन आली. अख्खा दिवस बसमध्ये काढून. आईचे दोन्ही हात मांडीवर नुसते उडत होते. मुलीच्या पर्समध्ये तुझा तो अंक होता, घड्या पडून पडून फाटलेला. म्हणाली, आजी, हात दाखवा ना, आईला बघायचे आहेत.

मी टॉवेल घडी करत होते. हात टॉवेलखालीच ठेवले. म्हटलं, आज जरा कामात आहे. म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. मुलीला कळलं नाही. तिने विचारलं, गोळी कधी मिळेल. मी सांगितलं, ती गोळी चालत नाही. तर म्हणते, पण तुम्हाला चालली ना, पेपरात आलं आहे.

आता मी काय करायचं, सांग. ते पान तिच्या पर्समध्ये आहे आणि मी तोंडाने काहीही बोलले तरी तिला ते पानच खरं. मी शरमेन म्हणून तू मला झाकते आहेस. माझी शरम मी बघेन. मी कशी बरी झाले ते सगळ्या जगाला कळलं, आता मी कशी आहे तेही कळू दे. आणि शिंप्याकडे जा. मागच्या वेळी मी तुला नको म्हटलं होतं, ते चुकलं माझं. त्याला कोणी विचारलंच नाही, तू नाहीस आणि मीही नाही.

तू हे छापल्याशिवाय लोक यायचे थांबणार नाहीत. आणि दर वेळी टॉवेल घडी करायला मला जमणार नाही.

आत्या


६ नोव्हेंबर

ती. आत्या,

सोबत कालचा अंक. संपादकांना मी सांगितलं की ही बातमी त्याच जागी, तेवढीच मोठी येणार नसेल तर विज्ञानाचं पान दुसऱ्या कोणाला द्या, मला बेडूकसुद्धा बघवत नाही. मग म्हणाले, मथळा तरी मला देऊ दे. मी तोही देऊ दिला नाही.

परवा तुझ्या गावात होते, शिंप्याकडे. तुझ्याकडे आले नाही. संध्याकाळपर्यंत लेख द्यायचा होता हे खरं आहे आणि मला तोंड दाखवायचा धीर झाला नाही हेही खरं आहे. फोटोवाल्याला तुझ्याकडे पाठवलं.

ह्या वेळी शेवटचा परिच्छेद मी पहिला केला. काकांना वाचून दाखवता यावा म्हणून इथे उतरवते:

“फेब्रुवारीत ह्याच जागी एका बाईंचा फोटो छापला होता. त्यांचा हात नव्या गोळीने थांबला असं वाचकांना वाटलं, कारण आम्ही तसं वाटू दिलं. तेव्हा चाचणी संपलेली नव्हती. आता संपली आहे, आणि ती गोळी चालत नाही. त्या बाईंना औषध मिळालेलंच नव्हतं. ज्यांना मिळालं होतं असे एक शिंपी त्यांच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांना औषधाने मळमळ झाली, गुण आला नाही. आम्ही त्यांना तेव्हा भेटलो नाही, कारण ज्याला गुण नाही त्याला कोणी भेटायला जात नाही. ह्या बाई माझ्या आत्या आहेत. तेही मी तेव्हा लिहिलं नव्हतं.”

पुढे चाचणी कशी केली ते आहे, साध्या भाषेत. आकडेवाल्या बाईंना वाचून दाखवलं, त्यांनी एकच शब्द बदलला. मग विचारलं, आत्या कशा आहेत. मला म्हणावं लागलं, मी भेटलेच नाही.

ह्या वेळी टेबलाशी कोणी आलं नाही.

तुझी
चिंगी


२० नोव्हेंबर

चि. चिंगे,

हे शिंप्याचा मुलगा लिहितो आहे, मी सांगते आहे. त्याला म्हटलं, मी बोलेन तसंच लिही, गोड करू नकोस.

अंक मिळाला. काकांनी दोनदा वाचून घेतला. फोटोत माझा हात पुसट आला आहे, हलला म्हणून. काका म्हणाले, बरं झालं, मलाही सगळं असंच दिसतं. शिंप्याने तो अंक त्याच्या घरी भिंतीला लावला आहे. त्याच्या बाजूने कोणी पहिल्यांदाच लिहिलं म्हणतो. तू चांगलं लिहिलं आहेस. तुझ्या बापाला वाचायला मिळायला हवं होतं.

आता दारावर कोणी येत नाही. मला तेच हवं होतं, आणि तेच झालं. तरी संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून बघते. काकांनी दाढी वाढवली आहे, ऋषी दिसतात. मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, खाजत नाही. खाजते.

तुला एक सांगायचं आहे. हसू नकोस. गेल्या आठवड्यात मी एकटी इस्पितळात गेले आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, त्याच गोळ्या मला पुन्हा द्या. आत काही नाही हे मला माहीत आहे, तरी द्या. त्या म्हणाल्या, चाचणी बंद झाली, उरलेल्या सगळ्या नष्ट करून टाकल्या, नियम आहे. मी म्हटलं, बरं, मग गोळी राहू दे. पण चाचणी चालू होती तेव्हा तुम्ही दर गुरुवारी माझे दोन्ही हात हातात घेऊन बसायचात. विचारायचात, ह्या आठवड्यात कसं वाटलं, रात्री कसं असतं, बटण लागतं का. तेवढं चालू ठेवता येईल का? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बाहेर इतकी माणसं बसली होती, त्यांना तरी कुठे वेळ आहे?

त्यांच्याशिवाय माझे हात कोणी नीट बघितले नाहीत, चिंगे. लोक यायचे ते स्वतःसाठी बघायचे. काकांना दिसत नाही. शिंप्याचे हात त्याचे त्यालाच पुरे. तू आलीस तेव्हा फोटोवाला होता बरोबर, तूही फोटोतून बघितलेस.

कधी येशील ते कळव. लिहायला काही आणू नकोस. सुट्टी मिळाली नाही तर एका दिवसासाठी ये. येऊन बस आणि हात बघ.

तुझी
आत्या